वारा न लागणारी जागा

टिक, टिक, टिक. सायकल स्वयंपाकघरातून दाराकडे नेताना मागचं चाक एवढंच बोललं, पण पहाटेच्या शांततेत तेवढंही पुरलं. आतल्या खोलीत भुंगा जागा झाला.

भुंगा म्हणजे आमची मुलगी. झोप आली की गुणगुणते, म्हणून हे नाव पडलं आणि चिकटलं. एकदा जागी झाली की ती माझ्या मानेला असा विळखा घालते की सराव बुडालाच म्हणून समजावं. त्या दिवशीही बुडाला. मी हेल्मेट घालूनच तिच्याशेजारी आडवी झाले. हेल्मेटच्या फटींमधून बोटं घालून माझे केस चाचपता चाचपता ती परत झोपून गेली. मग माझाही डोळा लागला. सासूबाई चहाला उठल्या तेव्हा त्यांनी दारातून बघितलं आणि म्हणाल्या, झोपेतही पडायची भीती वाटायला लागली की काय आता?

त्यांच्या बोलण्याला टोक असतं, पण घर त्यांच्याच जिवावर चालतं. मी शर्यतीला गेले की भुंग्याचं न्हाणं, जेवण, रुसवे, सगळं त्या बघतात. एवढ्या जोरात जायचं आणि शेवटी घरीच यायचं, तर मग आधीच घरी का बसत नाही ही, असा त्यांचा साधा प्रश्न असतो.

नवऱ्याने हे सगळं ऐकलं . तो आमच्या संघाचा सायकल मेकॅनिक. आमची ओळखही तो माझी तुटलेली चेन जोडत असताना झाली. तोंडाने प्रेम करणं त्याला जमत नाही, त्याचं सगळं हातात आहे. त्या संध्याकाळी त्याने भिंतीला टेकवलेल्या सायकलींची मागची चाकं काढली, आतली टिकटिक करणारी फ्रीव्हील उघडली आणि प्रत्येकीत दाट, मधासारखं ग्रीस भरलं. सरावाची सायकल, पावसाळी सायकल, शर्यतीची सायकल, एकही सोडली नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे सायकल मांजरीच्या पावलांनी दाराबाहेर आली. भुंगा झोपलेलीच. मी रस्त्याला लागले तेव्हा मला वाटलं, अजून उठलेच नाहीये मी, हे सगळं अंथरुणातच चाललंय.

आमचा धंदा तसा गमतीचा आहे. शर्यत दिवसभर चालते, शंभरावर बायका रक्ताचं पाणी करतात, आणि माझ्यासारख्या स्प्रिंटरने मात्र काहीही करायचं नसतं. लपायचं. जपायचं. कुणाच्या तरी पाठीमागे बसून स्वतःला राखून ठेवायचं. मग शेवटचा रस्ता सरळ झाला, शर्यत संपते ती कमान दिसायला लागली, की दिवसभर राखलेलं सगळं एका दमात उधळून द्यायचं. श्वास दोनचारदा आत-बाहेर होतो न होतो तोच संपतं.

मी लपायची ती भिंतीच्या मागे. भिंत म्हणजे माझी जोडीदारीण. खांदे एवढे रुंद की नाव आपोआप पडलं, आणि तीही ते मिरवते. तिचं काम मला शेवटच्या वळणापर्यंत पोचवणं. वारा ती खायची, मी तिच्या चाकाला चाक लावून मागे. तिथे, तिच्या पाठीच्या मागे, एक जागा असते. बाहेर लोक ओरडत असतात, चाकं गुरगुरत असतात, आणि त्या जागेत वारा लागत नाही. पोटातल्या बाळाला असंच वाटत असेल, असं मला भुंगा पोटात असताना नेहमी वाटायचं. कुणीतरी आपल्याला कुठेतरी घेऊन चाललंय, आणि आपण फक्त असायचं.

भिंत मागे वळून कधीच बघत नसे. मागे बघणारी स्वतःही पडते आणि दुसरीलाही पाडते. हाक मारायची सोय नाही, कारण हाक आजूबाजूच्या सगळ्या संघांना कळते. म्हणून आमची एक खूण होती. शेवटच्या वळणात मी क्षणभर पाय थांबवायचे. पाय थांबले की मागचं चाक टर्रर करतं. माझ्या चाकाचा आवाज ती इतरांच्या चाकांतून ओळखायची, बाजारातल्या गोंगाटात आपल्याच पोराचं रडणं ओळखावं तसा. आवाज आला की मी मागे आहे, आता बाजूला होऊन मला सोड, एवढा त्याचा अर्थ. ही खूण आम्ही दोघींनी कुणालाच सांगितली नव्हती. नवऱ्यालाही नाही. लग्नात सगळंच सांगून टाकलं तर पुढची वर्षं बोलायचं काय, असं भिंतीचं म्हणणं.

शर्यतीच्या आदल्या दिवशी आमच्या संघाच्या प्रशिक्षक सरांनी मला बोलावलं. त्यांची खोली म्हणजे टायरांचा ढीग, आणि त्यात एक खुर्ची. बाळंतपणानंतर मी परत आल्यापासून एकही शर्यत जिंकले नव्हते. जवळ जायचे, पण जिंकत नव्हते. सर रागावले नाहीत, ते रागावले असते तर बरं झालं असतं. उद्याच्या शर्यतीवरून यापुढे संघाने कुणाला जिंकवायला पळायचं ते ठरवतो, म्हणाले. मग टायर चाचपत, माझ्याकडे न बघता बोलले,

"पूर्वी गर्दीतली फट दिसायच्या आत तू त्यातून गेलेली असायचीस. आता तू फट बघतेस."

मी नाही म्हटलं नाही. घरी आले, भुंग्याला न्हाऊ घातलं, तिच्या पाठीवरचं पाणी टिपताना ते वाक्य डोक्यात फिरत राहिलं. मी बघत होते का? की नुसतं वय होत होतं? जाऊन दाखवायचं, एवढं मात्र मनाशी पक्कं केलं.

दुसऱ्या दिवशी ऊन कोवळंच राहिलं. दिवसभर रस्ता माझ्या खालून कुणीतरी ओढून घेतल्यासारखा सरकत होता. झाडं, कुंपणं, खिडक्यांतून हात हलवणारी माणसं, सगळं पाण्याखालून दिसावं तसं. पाय हलके होते. इतके हलके की मला भुंग्याचं गुणगुणणं ऐकू येतंय असं वाटत होतं. शहर लागलं, गर्दी आवळली, आणि मी माझ्या जागेत शिरले. भिंतीची पाठ, तिच्यावरचा घामाचा नकाशा. वारा बंद झाला.

शेवटचं वळण आलं. मी पाय थांबवले.

काहीच वाजलं नाही.

ग्रीस माझ्या लक्षातच आलं नाही त्या क्षणी. मला वाटलं मलाच ऐकू येत नाहीये. परत थांबवले. चाक मुकं, भुंग्याच्या दारासमोरून जावं तसं मुकं. आणि भिंतीने, जिने एवढ्या वर्षांत कधी मान वळवली नव्हती, तिने मागे बघितलं.

तिचा चेहरा मी त्या ठिकाणी पहिल्यांदाच बघत होते. हनुवटीवर लाळ, डोळे घाबरलेले, कुणाचा तरी हात गर्दीत सुटल्यासारखे. मी आहे हे तिला दिसलं, आणि त्याच वेळी ती किंचित डावीकडे झाली. उजवीकडे, तिच्या आणि कठड्याच्या मध्ये, एक फट उघडली. सायकलभर रुंद. फटीच्या टोकाला कमान. माझ्या पायांत जोर होता. अजून सगळं राखलेलं माझ्यात होतं. बाकीच्या संघांच्या बायका माझ्याकडे बघत होत्या, मी कधी निघते याची वाट बघत. सगळं इतकं सावकाश झालं होतं की मी त्या कठड्यावरचा रंग कुठे उडालाय तेही बघितलं.

मी म्हणाले, "जा."

भिंत गेली. तिच्याकडे कुणाचं लक्षच नव्हतं, सगळ्या माझ्यावर डोळा ठेवून होत्या. ती एकटीच, सगळ्यांच्या आधी, कमानीखालून गेली. हात उंचावायची सवय नाही, म्हणून तिने एकच हात वर केला, वर्गात पाणी प्यायला जाऊ का विचारतात तसा. मी मागून आले, कितवी ते बघितलंसुद्धा नाही.

गाडीजवळ नवऱ्याने माझी सायकल हातात घेतली. मी त्याला खुणेबद्दल सांगितलं. त्याने चाक उचलून फिरवलं. ते गपगार फिरत राहिलं, आणि त्याचा चेहरा उतरत गेला. मीच केलं की हे, म्हणाला. मला हसूच आलं. तुझ्या ग्रीसमुळे मुलगी झोपली आणि भिंत जागी झाली, म्हटलं. तो हसला नाही. रात्रीतून साफ करतो सगळी, एवढंच पुटपुटला.

सर खूश होते. डोकं लढवलंस, म्हणाले, सगळ्यांना स्वतःकडे बघायला लावून तिला सोडलंस. मी त्यांना खरं-खोटं काहीच सांगितलं नाही. मग त्यांनी विचारलं, पुढच्या शर्यतीत तू पुढे, वाऱ्यात, आणि भिंत तुझ्या मागे, चालेल का? उद्या संध्याकाळपर्यंत कळव. विचारून सांगते, म्हटलं. कुणाला विचारणार आहेस, म्हणाले. मलाही ठाऊक नव्हतं.

भिंत मात्र गाडीत माझ्या शेजारी फुलं मांडीवर घेऊन घुम्यासारखी बसली होती. शहर मागे पडल्यावर म्हणाली,

"मी सरकले होते. उजवीकडे जागा केली होती तुझ्यासाठी. दिसली नाही का?"

"दिसली."

तिने फुलांतलं एक काढून माझ्या हेल्मेटमध्ये खोचलं आणि खिडकीकडे वळली. तिला माझं हक्काचं काहीतरी घेतल्यासारखं वाटत असावं, आणि मला तिला तसं वाटतंय याचंच वाईट वाटत होतं. ग्रीस, मागे वळून बघणं, बाकीच्यांचं लक्ष, प्रत्येक कारण खरं होतं. पण चाक वाजो न वाजो, फट तर उघडीच होती.

दुसऱ्या दिवशी दुपार झाली, संध्याकाळपर्यंत सरांना कळवायचं होतं. फोन हाताशी घेऊन मी जमिनीवर बसले होते. सासूबाई भाजी निवडत होत्या. भुंगा माझ्या मांडीत येऊन बसली आणि तिने फोनवर शर्यत लावायला सांगितली. आदल्या दिवसापासून आजी-नातीने ती इतक्यांदा बघितली होती की सासूबाईंना सगळ्या वळणांना नावं ठेवता येत होती. त्या म्हणाल्या, बघ बाई, तुझी आई कशी सभ्य माणसासारखी वाट देते ते. टोमणा होता की कौतुक, त्यांच्या आवाजावरून कळलं नाही.

पडद्यावर शेवटचं वळण आलं. भिंतीने मागे बघितलं. भुंग्याने बोट लावून चित्र थांबवलं, आजीने शिकवलं होतं तसं. मग तिचं भातशितं लागलेलं बोट कठडा आणि भिंत यांच्यामध्ये बरोबर त्या फटीवर टेकलं.

"इथून जायचं असतं ना, आई?"

हो म्हटलं. इथूनच.

तिने पडद्यावरच्या इवल्याशा मला जवळून बघितलं, नाक टेकेल इतकं जवळून. मग मांडीतूनच मान वर करून खऱ्या मला बघितलं.

"मग तुला जायचंच नव्हतं का?"