आदेलियाचा हात

तेल्मोला बायकोचा हेवा वाटायला लागला तो आयसीच्या एका तुटलेल्या पायावरून. त्याआधी एकवीस वर्षं संसार झाला होता. तिचा स्वयंपाक, तिचा गळा, तिच्या बापाचं नदीकाठचं घर, कशाकशावरून म्हणून त्याच्या पोटात दुखलं नव्हतं.

सेतुबाल शहरातल्या त्यांच्या आळीच्या मंडळात दर शनिवारी दुपारी जुन्या व्हिडिओ गेमवाल्यांची बैठक भरायची. सगळे चाळिशी-पन्नाशीचे बाप्ये. त्यांची मुलं याला पोरखेळ म्हणत आणि बायका रोग म्हणत. मंडळींचं दुःख एकच होतं. लहानपणी आपल्याकडे विकलेले, टीव्हीला जोडायचे गेमचे डबे जपानमधल्यापेक्षा हळू चालायचे. इथल्या टीव्हीच्या हिशेबानं त्यांना लगामच घातलेला होता. अख्खं बालपण गेलं आणि कुणाला पत्ता नाही. पडद्यावरचा गडी एवढाच पळतो, असं समजून बिचारे खेळत राहिले. आता कळल्यापासून जो तो आपला डबा उघडून लगाम काढायच्या मागे लागलेला. त्यासाठी आतल्या बोर्डावरच्या एका आयसीचा, म्हणजे काळ्या चिपचा, एक पाय अलगद उचलायचा, त्याला केसाएवढी तार सोल्डर करायची आणि ती मागच्या बटणाला जोडायची. सांगायला एवढंच. करायला बसलं की ब्रह्मांड आठवतं.

मंडळाच्या स्वतःच्या डब्याचं हे काम तेल्मोनं अंगावर घेतलं. रविवारी पाल्मेलाच्या मंडळाशी सामने होते. "जमेल ना रे?" असं अध्यक्ष आनिबालकाकांनी विचारलं, तेव्हा तेल्मो म्हणाला, "काका, डाव्या हातचा मळ आहे."

शुक्रवारी दुपारी स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्यानं तो पाय उचलला आणि पाय मुळापासून तुटला. बाहेर शेंडासुद्धा राहिला नाही. तेल्मो नगरपालिकेच्या पाणीखात्यात मीटर वाचायचा. या कामाला त्यानं तीन वर्षं, तीन भिंगं आणि सगळ्या सुट्ट्या घातल्या होत्या. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

"रडतोयस?" आदेलियानं शेगडीजवळून विचारलं.

"सोल्डरच्या राळेचा धूर गेला डोळ्यांत."

ती हात पुसत आली, वाकून बघितलं. "एवढं तापवतात होय रे? बोर्ड आहे तो, सार्डिन मासळी नाही."

"तू बघू नकोस. मेलाय तो आता."

"सरक."

आदेलिया मोटारींचे रेडिओ बनवणाऱ्या कारखान्यात चौदा वर्षं होती, तो बंद पडेपर्यंत. आता बेकरीत काउंटरवर असायची. तिनं पर्समधून नखं घासायची कानस काढली आणि आयसीचं काळं अंग कडेनं हळूहळू घासलं. आत गाडलेल्या पायाचा चकाकता ठिपका उघडा पडला. त्यावर तिनं तार टेकवली, सोल्डरिंग आयर्नचं तापलेलं टोक लावलं, उचललं. शर्टाचं बटण लावायला लागतो तेवढा वेळ.

"लावून बघ. आणि हात धू, भात निवतोय."

गडी पडद्यावर वाऱ्यासारखा पळत सुटला. तेल्मोचा जीव भांड्यात पडला, पण मिनिटभरच. मग त्यानं भिंगातून तो जोड बघितला. इवलासा, गुळगुळीत, काठाकडे निमुळता होत गेलेला. तीन वर्षांत त्याच्या हातून असा एकही उतरला नव्हता. भात त्याला गोड लागला नाही.

रविवारी मंडळ जिंकलं. लियोनेल नावाचा त्याचा जुना दोस्त, एरवी टोमण्याशिवाय न बोलणारा, त्यानं सगळ्यांदेखत मिठी मारली. "तेल्मो, लेका, हात आहे की काय!"

"सरावानं येतं," तेल्मो म्हणाला.

आदेलिया शेजारीच बसली होती. "हो ना, सराव लागतो," म्हणाली आणि हसली. तिला कुणी काही विचारलं नाही, तिनंही सांगितलं नाही.

मग काय, डब्यांची रीघ लागली. मंगळवारी दोन, गुरुवारी एक. आदेलिया फोन खांद्याशी धरून बहिणीशी गप्पा मारत तारा जोडायची. तेल्मोकडे स्क्रू काढणं आणि स्क्रू बसवणं एवढंच राहिलं. तिच्या बोटांकडे बघताना त्याच्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. घाई नाही, थरथर नाही, मध्येच खळखळून हसली तरी टोक जागचं हलायचं नाही.

एकदा न राहवून त्यानं विचारलं, "तुला आवडतं ना गं हे?"

"आवडायचंय काय त्यात? चौदा वर्षं दिवसाला नऊशे जोड. पाठ गेली, डोळे गेले. कुणी एकदा छान म्हटलं नाही." तिनं तार कापली. "तू रडत होतास म्हणून केलं."

हे तर त्याला फारच झोंबलं. ज्याच्यासाठी तो मरत होता ते तिच्याकडे पडून होतं, आणि तिला ते नकोच होतं.

लियोनेलचा डबा तिनं बुधवारी पुरा केला. गुरुवारी ती बेकरीत गेल्यावर तेल्मोनं तो पुन्हा उघडला. त्या डब्याला एकूण सात जोड लागले होते. त्यातला एक, फक्त एक, आपला असावा असं त्याला वाटलं. त्यानं मधला जोड तापवला, जरा जास्तच, आणि खालचा तांब्याचा पत्रा बोर्डावरून सुटून वर आला. घाबरून त्यानं त्यावर सोल्डरचा गोळा थापला. चित्र आलं. त्यानं देवाचं नाव घेऊन झाकण लावलं.

शनिवारी मंडळात दहा मिनिटं खेळ रंगला आणि पडदा काळा झाला.

"अरे तेल्मो, हे काय?" लियोनेल ओरडला. "माझा एकुलता एक डबा रे!"

सगळे तेल्मोकडे बघायला लागले. त्याच्या तोंडून निघून गेलं, "मी नाही केलेला तो. बायकोनं हात लावला होता."

आदेलिया कॉफी घेऊन मंडळाच्या बारच्या काउंटरवरून येत होती. तिनं ऐकलं. कप खाली ठेवला, स्क्रूड्रायव्हर मागून घेतला आणि डबा उघडला. कारखान्यात तपासनीस बाईला कामगाराचा नंबर बघावा लागत नसे. जोड बघूनच कुणी केलाय ते ती सांगायची, अक्षर ओळखावं तसं. आदेलियाच्या सहा जोडांच्या मधोमध एक ओबडधोबड गोळा बसला होता. एकवीस वर्षं ज्याच्यासोबत काढली, त्याचं अक्षर तिला कळणार नाही?

तिनं तेल्मोकडे बघितलं. तो भिंतीवरच्या बक्षिसाच्या ढालींकडे बघत होता.

"माझाच आहे," ती म्हणाली. "चुकलं माझं, लियोनेलभाऊ."

"असू दे गं, होतं असं," आनिबालकाका म्हणाले. "म्हणजे हे सगळं तू करतेस होय! मग आत्ताच कर ना नीट. आयर्न आहे इथे."

आदेलियानं चष्मा काढला. "नाही काका. यापुढे तेल्मोच करेल सगळं. त्याला आवडतं, मला नाही."

तेल्मोनं तिच्या आवाजात टोमणा शोधला. सापडला असता तर त्याला बरं वाटलं असतं. निदान तेवढ्यापुरती तरी दोघं सारखी झाली असती. पण ती नुसती दमलेली होती.

त्याच्यासाठी खुर्ची सरकवली गेली. कुणीतरी दिवा जवळ आणला. शिवाय आज आणलेले चार डबे पिशव्यांतून बाहेर निघाले आणि त्याच्या कोपराशी रांगेत मांडले गेले. आयर्न तापलं. लियोनेल मानेवर श्वास सोडत उभा होता.

"घे रे. डाव्या हातचा मळ ना तुझ्या?" आनिबालकाका अगदी प्रेमानं म्हणाले.

त्यानं आयर्न उचललं. सुटलेला पत्रा कसा सांधायचा ते त्याला माहीत नव्हतं. ज्या एका माणसाला माहीत होतं, ती तिकडे काउंटरला टेकून बारवालीशी बोलत होती, दुखरी बोटं उघडमीट करत. तिनं एकदाही वळून बघितलं नाही. सगळं असं खाली ठेवून चालू लागणं तिला जमत होतं, आणि तेल्मोला आता त्याचाही हेवा वाटला.

"लाव की," लियोनेल म्हणाला.

त्यानं टोक लावलं.