वेगळं बांधायचं कुणाला?

१९९७ सालच्या थंडीत कळंबला गेणबाच्या गोठ्यात खोकला शिरला आणि चार दिवसांत त्याची कालवड गेली. नाक वाहायचं, भात्यासारखा श्वास चालायचा. शेजारच्या दोन गोठ्यांतही तेच.

कारण शोधायला गेणबाला वेळ लागला नाही. बौद्ध वस्तीतल्या रामभाऊची एक गाय खोकताना त्यानं पाहिली होती. "आजपासनं तुमची जनावरं पंचायतीच्या हौदावर आणायची न्हाईत," त्यानं चारचौघांत सांगून टाकलं. तेव्हापासून रामभाऊची बायको चतुराबाई अर्ध्या कोसावरच्या कालव्यावरून दोन गाईंसाठी घागरींनी पाणी वाहू लागली. असंच चाललं तर उन्हाळ्याआधी एक गाय विकावी लागणार होती.

इंदापूरचे पशुवैद्य डॉक्टर युवराज आले. त्यांनी सगळ्या गोठ्यांतल्या जनावरांच्या नाकातले नमुने कापसाच्या काडीवर घेतले. रामभाऊच्या गाईचे घेतले, गेणबानं नुकत्याच आणलेल्या नव्या गाईचेही घेतले.

"हिचं कशाला? ठणठणीत हाय की!" गेणबा म्हणाला.

"काडीच घालतोय तात्या, शिंग उपटत नाही."

महिन्यानं डॉक्टर पुण्याच्या प्रयोगशाळेतून फोटो घेऊन आले. शिडीच्या पायऱ्यांसारख्या पट्ट्या होत्या त्यात. जंतूंच्या आनुवंशिक ठेवणीच्या खुणा त्या.

"जंतू सगळीकडं एकाच नावाचे," डॉक्टर म्हणाले. "पण सातशे चाळीस बी ऊसच आणि सहाशे एकाहत्तर बी ऊसच. तुमी कांडं बघून वाण सांगता, हितं पट्ट्या बघून सांगतात. ह्या तिन्ही आजारी गोठ्यांच्या पट्ट्या हुबेहूब सारख्या. रामभाऊंच्या गाईच्या वेगळ्या."

"मग आमच्यासारख्या कुणाच्या?"

"तुमच्या नव्या गाईच्या!"

गेणबानं मान हलवली. "आवं, ती एकदा खोकली न्हाय."

"काही जनावरं स्वतः धडधाकट असतात, पण नाकात जंतू बाळगतात. टेम्पोत हेलकावे खात आली की ते जंतू वाढतात."

गेणबाची बायको द्वारकाबाई दारातून म्हणाली, "बारामतीच्या बाजारातनं आणली त्याच दिवशी हौदावर तिला मानाचं पहिलं पाणी पाजलं. मागनं समद्या आळीची जनावरं प्याली. मीच ओवाळली वो तिला!"

गेणबा तसाच रामभाऊच्या घरी गेला. "चुकलं रामभाऊ. तुमच्या गाईपासनं न्हाय आलं. उद्यापासनं हौदावर या."

"आन् आमच्याच गाईपासनं आलं असतं, तर?" रामभाऊनं विचारलं.

खोकणारी गाय एव्हाना बरी झाली होती; रामभाऊनं दोन्ही गाईंकडं बोट केलं.

"आजारी गाय लांब बांध म्हणला असता तर मीच बांधली असती, तात्या. तुमी चांगली गाय बी बंद केली. आता तुमच्या गाईचं कळलंय, मग तुमचा गोठा हौदावर बंद व्हणार का?"

चतुराबाई डोक्यावरची घागर उतरवत म्हणाली, "खोकली गाय, पाणी वाहिलं मी. मला कुठं खोकला झाला हुता?"

खरंच की! गेणबानं गाय बघून निवाडा केलाच नव्हता. घर बघून केला होता.

दुसऱ्या सकाळी हौदावर सगळ्यांसमोर त्यानं आपली चूक सांगितली. नवी गाय आणि आजारी जनावरं मळ्यात नेऊन बांधली, त्यांच्या बादल्या वेगळ्या केल्या. रामभाऊ लगेच आला नाही. तीन दिवसांनी आला, दोन्ही गाई घेऊन.

वाचकहो, बाजारातून आणलेलं जनावर तीन आठवडे वेगळं बांधा, त्याला वेगळं पाणी पाजा. आजारी जनावरही वेगळं बांधा. माणसाला मात्र वेगळं काढू नका. कुणाचं घर कुठल्या वस्तीत आहे हे बघून रोग कळत नाही.