तिसरी कॉफी

दुसरी कॉफी ओतता ओतता शेम्साआजीने खिडकीतून खाली पाहिलं. सुरुंग काढणारी माणसं ओढ्याकाठच्या कुरणाभोवती पट्ट्या बांधत होती. वर तिच्या आलुबुखाराच्या बागेपाशी कवटीची लाल पाटी होती तशीच होती.

"चुकले बघ मेले! जा गं बेल्मा, सांग त्यांना. बाग वर आहे म्हणावं."

बेल्मा जागची हलली नाही.

साराएवोला शिकणारी ही पोरगी तीन उन्हाळे गावात येत होती. बरोबरची मुलं म्हाताऱ्यांची छपरं नीट करायची, लाकडं फोडायची. बेल्मा मात्र सदानकदा आजीच्या चुलीपाशी. डब्यातली साखर आपल्या हाताने घ्यायची, घरच्यासारखी. आजी तिला दोन कॉफ्या पाजायची, एक घरी आली म्हणून, एक गप्पांची. तिसरी बोस्नियात कुणी मायेने देत नाही. ती पुढ्यात आली की पाहुण्याने समजून उठायचं.

"तुला काही या घरात तिसरी मिळायची नाही," आजी चेष्टेने म्हणायची.

युद्धात आजीचा मुलगा नेजाद गाय आणायला बागेत गेला आणि सुरुंगावर पाय पडून तिथेच गेला. त्याला आणायला आत पाऊल टाकायची सोय नव्हती, अजूनही नाही. हे आजीने सख्ख्या बहिणीलासुद्धा कधी धड सांगितलं नाही. बेल्माच्या कॅमेऱ्यापुढे सांगितलं, कारण बेल्माने हात हातात घेऊन शब्द दिला होता, पहिली बाग तुमची. ती फिल्म शहरात दाखवली, लोक रडले, सुरुंग काढायला पैसा उभा राहिला.

"आजी, देणगीदारांना आधी कुरण हवं होतं. मुलांची शिबिरं भरवायला. आम्ही खूप भांडलो हो."

"कधी ठरलं हे?"

"हिवाळ्यात."

"म्हणजे ईदला फोन केलास तेव्हा तुला ठाऊक होतं."

बेल्माने उरलेली कॉफी एका घोटात संपवली.

"नेजादसाठी कफनाचं कापड आणलं, असं मी सांगितलं तुला. तू म्हणालीस, बरं केलंत आजी."

"तोंडच उघडेना माझं. पुढच्या वर्षी नक्की..."

"गप! माझाच पोरगा दाखवलास आणि मलाच फसवलंस. परक्याने केलं असतं तर चार शिव्या घालून मोकळी झाले असते गं."

आजी उठली. हातचक्कीत दाणे टाकून फिरवू लागली. दोघींचे कप रिकामे होते. चक्कीचा आवाज घरभर झाला.

"आजी, नको ना," बेल्मा म्हणाली.

आजीने चक्की थांबवली नाही. कॉफी उकळली, फेस वर आला. तिने एकच कप भरून बेल्मापुढे सरकवला. मग डब्यातून साखरेचा एक खडा काढला, बशीत ठेवला आणि डब्याचं झाकण लावून टाकलं.

"घे. गरम आहे तोवर घे."