हात तेवढा ठेव

काळं बटण... पांढऱ्या सदऱ्याच्या बाहीवर काळं बटण — तिनं पडद्यावरचा फोटो मोठा केला, आणखी मोठा केला, आणि तो वर केलेला हात बाबांचाच निघाला. सकाळच्या घाईत पांढरं सापडेना म्हणून मीच लावलं होतं ते, तिला आठवलं. बाबा आरशापुढे प्रश्नाची तालीम करत होते — साहेब, आमच्या वस्तीतला दवाखाना का बंद केलात, आमच्या हिला सुई टोचून घ्यायला दोन बस बदलाव्या लागतात... आणि आई आतून म्हणाली होती, "साहेब मागाहून म्हणा, आधी घसा खाकरा."

मंत्र्यांची सभा. पुढच्या रांगेत मोजकी माणसं, त्यांत बाबा. माइकवाला कार्यकर्ता त्यांच्याकडे पाठ करून उभा. मागे नुसत्या रिकाम्या खुर्च्या.

"खुर्च्या काप," तिच्या पाठीमागून उपसंपादक म्हणाला. "हात तेवढा ठेव. झकास आहे. खाली ओळ टाक — उत्स्फूर्त प्रतिसाद."

"त्यांना प्रश्न विचारायचाय."

"फोटोत ऐकू येतं का?"

तिला हसू आलं, आणि हसू आल्याची लाज वाटली. कापाकापी म्हणजे तिच्या डाव्या हाताचा मळ. खोटं काही लिहायचं नाही, फक्त चौकट सरकवायची, हे नव्यांना तीच तर शिकवायची. आजवर चौकटीत सगळी परकी माणसं असत. तिनं चौकट सरकवली. खुर्च्या गेल्या, माइकवाला गेला, सभागृह गच्च भरलं, आणि बाबा कुणाचा तरी जयजयकार करू लागले. तिनं चौकट पुन्हा मागे नेली.

तेवढ्यात आईचा फोन आला. "अगं, हे फोन उचलत नाहीत. विचारला का प्रश्न?"

प्रश्न कुणाचेच घेतले नाहीत, असं बातमीदार मघाशीच सांगून गेला होता.

"हात वर केला होता त्यांनी," ती म्हणाली. "पुढच्याच रांगेत होते. फोटोसुद्धा आलाय."

"अगबाई! म्हणजे आता होईल काहीतरी." आईचा आवाज केवढा फुलला! फोन बंद करायचं विसरून ती तिथूनच शेजारणीला सांगू लागली — आमच्या ह्यांनी मंत्र्यांना विचारलंन् दवाखान्याचं, उद्या छापून येतंय.

फोन कानाशी तसाच राहिला. पडद्यावर खुर्च्या अजून होत्या, न कापलेल्या... एकही शब्द खोटा बोलले नव्हते मी. आणि या खेपेला मला कुणी काप म्हटलंही नव्हतं.