फक्त बल्ब बदला!

मी एक जुनी, चार्जिंगची विजेरी आहे. लोक मला टॉर्च म्हणतात, काही जण बॅटरी म्हणतात, आणि गेल्या वर्षी एका माणसाने मला भंगार म्हटले. मित्रांनो, त्या शेवटच्या शब्दाचा राग अजून माझ्या मनातून गेलेला नाही. तो जावा असे मला वाटतही नाही.

माझे अंग ॲल्युमिनियमचे आहे. एका कारखान्यात लेथवर कातून मला घडवले. माझ्या पोटात चार्ज होणारे सेल बसवले आणि डोक्यात आरशासारखी चकचकीत वाटी. त्या वाटीच्या मधोमध दोन बारीक पायांचा, वाटाण्याएवढा बल्ब होता. मी जरा जडच आहे. मला उचलले की आपण काहीतरी उचलले आहे, हे माणसाला कळते.

तेथून मी एका आठ मजली इमारतीत आले. खाली दुकाने, मध्ये शिवणकामाचे कारखाने आणि सर्वांत वर डोळ्यांचा दवाखाना. तिथल्या लिफ्टची देखभाल करणाऱ्या मास्तरांनी मला कित्येक वर्षे वापरले. ते निवृत्त झाले तेव्हा त्यांनी मला आपल्या हाताखाली शिकलेल्या ताईच्या हाती दिले. लिफ्ट ज्या उंच पोकळीतून वरखाली जाते, तिथे भर दुपारीही मिट्ट काळोख असतो. त्या काळोखात ताईच्या हातात मी असे.

एकदा लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्येच अडकली. आत एक आजोबा होते. नुकतेच ऑपरेशन झालेल्या डोळ्यावर पट्टी होती आणि सोबत कुणी नव्हते. ताईने दार वीतभर सरकवले आणि माझा उजेड आत सोडला.

"आजोबा, घाबरू नका. मी आलेय."

"कोण घाबरतंय? एकाच डोळ्याने बघतोय बाई, पण काय झकास दिसतंय!" आजोबा म्हणाले. बाहेर आल्यावर त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. माझे कौतुक करणारी माणसेही भेटली आहेत, हे नाकारण्याइतकी मी कृतघ्न नाही.

पण बल्ब म्हातारा होतो, मित्रांनो. त्याची काच आतून काळवंडते आणि उजेड मंद, पिवळा होत जातो. माझेही तसेच झाले. ताई देखभालीच्या साहेबांकडे गेली.

"साहेब, हिचा बल्ब काळा पडलाय. नवीन मागवा ना."

"तो आता कुठे मिळतो? म्हातारी झाली ती. टाका भंगारात."

"बल्बसाठी अख्खी टॉर्च टाकायची?"

"नवीन आणल्यात ना प्लॅस्टिकच्या! घ्या की त्यातली एक."

असे म्हणून साहेबांनी मला तिच्या हातातून घेतले आणि टेबलाखालच्या भंगाराच्या पेटीत टाकले. माझे झाकण उघडून बघितलेसुद्धा नाही! चपलेचा अंगठा तुटला म्हणून कुणी पाय तोडतो का? मी त्या पेटीत तुटक्या स्विचांवर पडून धुमसत राहिले.

थोड्याच दिवसांनी ताई लिफ्टच्या टपावर उभी राहून काम करत असताना ती प्लॅस्टिकची बया दोनदा लुकलुकली आणि विझली. अंधारात ताईने आधारासाठी हात टाकला तो नेमका पत्र्याच्या धारेवर. तळवा फाटला. टाके पडले.

"जरा सांभाळून काम करायचं ना, ताई," साहेब म्हणाले.

सांभाळून! मी पेटीत पडल्या पडल्या हे ऐकले. मला तोंड असते तर त्या दिवशी मी साहेबांना चांगले खडसावले असते. ताईचा चेहरा मात्र लालबुंद झाला होता. तिने पट्टी बांधलेल्या हातानेच पेटी उपसली आणि मला बाहेर काढले.

"ही मी घरी नेतेय."

"न्या, न्या. दाराला अडसर म्हणून कामी येईल," साहेब हसून म्हणाले.

घरी गेल्यावर माझी आगीतून फुफाट्यात गत झाली. ताईच्या धाकट्या दिराला घरात सगळे 'शास्त्रज्ञ' म्हणत. त्याने दुरुस्त केलेला पंखा फिरायचा, पण उलटा. मला पाहताच त्याचे हात शिवशिवू लागले.

"वहिनी, द्या इकडे. हिचं डोकं कापतो, भोक पाडून नवा दिवा बसवतो, जुने सेल फेकून दुसरे जोडतो. अशी करतो की गल्ली उजळेल!"

ताई आत चहा टाकायला गेली तेवढ्यात त्याने मला लोखंडी शिकंज्यात आवळले आणि माझ्या मानेवर कानस चालवली. मित्रांनो, माझ्या गळ्यावरचा तो ओरखडा आजही तसाच आहे. चांगल्या, शाबूत धातूवर कानस चालवताना त्याला काहीच वाटले नाही. उलट तो शीळ घालत होता!

कानशीचा आवाज ऐकून ताई धावत आली.

"भावजी, थांबा! डोकं दुखतंय म्हणून मान कापताय?"

"अहो, पण बल्बच मिळत नाही तर..."

"कोण म्हणतं मिळत नाही? साहेब म्हणतात. त्यांनी शोधलाय का? काही कापायचं नाही, काही चिकटवायचं नाही. बल्ब गेलाय, बल्ब बदलायचा. बस्स!"

दुसऱ्या दिवशी ती मला आणि तो काळवंडलेला बल्ब घेऊन बाजारातल्या विजेच्या सामानाच्या दुकानात गेली. दुकानदार नवी विजेरी दाखवू लागला, तशी ती वैतागली.

"मला टॉर्च नकोय हो, बल्ब हवाय. पाय असेच हवेत, उंची एवढीच हवी, नाहीतर झोत फाकेल. आणि हिचे सेल जेवढे व्होल्ट देतात, तेवढ्यावर चालणारा हवा."

दुकानदाराने खण धुंडाळले आणि एक छोटीशी डबी काढली. "अगदी तसाच जुना नाही, पण त्याच्या जागी बसणारा एलईडी आहे. चालेल?"

ताईने दोन्ही बल्ब शेजारी शेजारी धरून पाहिले. "पळेल!" ती म्हणाली.

घरी येऊन तिने माझे डोके फिरवून उघडले आणि जुन्याच्या जागी नवा बल्ब बसवला. बटण दाबले. अंधार!

"बघा!" शास्त्रज्ञ आनंदाने ओरडला. "मेलीये ती. करवत आणू?"

ताईने बल्ब काढून त्याचे पाय निरखले. मग स्वतःशीच पुटपुटली, "जुन्याला कुठलाही पाय कुठेही चालायचा. एलईडीला अधिक-उणं लागतं की!" तिने बल्ब फक्त उलटा फिरवला आणि परत त्याच भोकांत खोचला. शास्त्रज्ञ माझ्या काचेत डोळा घालून बघत होता. त्याच वेळी तिने बटण दाबले.

"आई गं!" म्हणून तो डोळे चोळत खाली बसला. मला त्याचे मुळीच वाईट वाटले नाही.

माझा उजेड आता पांढरा स्वच्छ पडत होता. सेल तेच, वाटी तीच, भिंतीवरचा चार्जरही तोच. हा नवा बल्ब वीजही बेताने खात होता. मला बदलले नव्हते. माझे जे गेले होते, तेवढेच मला परत मिळाले होते.

हातावरचे टाके निघाल्यावर ताई मला घेऊन कामावर गेली. सर्वांत वर, मोटारीच्या खोलीत, लिफ्ट पेलणाऱ्या तारेच्या दोरांवर तिने माझा झोत टाकला. एका दोराच्या पिळांमध्ये लालसर भुकटी चमकली. तिने लिफ्ट थांबवली, बोट फिरवले. बोट लाल झाले. दोर आतून गंजत होता, त्याच्या तारा एकमेकींना झिजवत होत्या. ताईने मुख्य स्विच बंद करून त्याला कुलूप घातले.

साहेब जिने चढून धापा टाकत आले.

"लिफ्ट कुणाला विचारून बंद केलीत? वर दवाखान्यात पेशंट बसलेत!"

"म्हणूनच बंद केलीय."

"मागच्या वेळी तर सगळं ठीक म्हणाला होतात."

"मागच्या वेळी माझ्या हातात तुमची टॉर्च होती. धरा ही, आणि स्वतः बघा."

ज्या हाताने मला फेकले, त्याच हातात मी गेले. साहेबांनी झोत टाकला. भुकटी पाहून त्यांचा आवाज खाली आला. "आजचा दिवस चालवू. संध्याकाळी माणसं बोलावतो."

"चालेल. तुम्ही लिफ्टच्या डब्यात बसा, मी सुरू करते," ताई म्हणाली.

साहेब बसले नाहीत. डोळ्यांना पट्ट्या बांधलेल्या पेशंटना शिवणकाम करणाऱ्या बायकांनी हाताला धरून जिन्याने खाली उतरवले. नंतर तो दोर काढून कापला, तेव्हा आत तुटक्या तारांचा झुपका निघाला.

आता सर्वांत संतापाची गोष्ट सांगते. इमारतीच्या मालकांसमोर साहेब ऐटीत म्हणाले, "आम्ही नव्या टॉर्च आणल्या, म्हणूनच धोका वेळीच लक्षात आला." टाळ्याही पडल्या! मागे उभी असलेली ताई पुढे आली आणि तिने मला टेबलावर ठेवले.

"नव्या नाहीत. ही. आणि ही साहेबांनी भंगारात टाकली होती."

टाळ्या थांबल्या. मालकीणबाईंनी मला उचलले, गळ्यावरचा ओरखडा पाहिला आणि विचारले, "अशा आणखी आहेत का?"

होत्या. माझ्यासारख्याच दोघी पहारेकऱ्यांकडे होत्या. चौकशी केली, तेव्हा कळले की भंगारवाला त्यांना घेऊन गेला होता. त्यांचेही फक्त बल्बच गेले होते.

मित्रांनो, म्हणून मी गोड बोलून तुमचा निरोप घेणार नाही. एखादी वस्तू बंद पडली, तर तिचे नेमके काय बिघडले ते आधी शोधा आणि तेवढेच बदला. तिच्या धडधाकट अंगावर कानस चालवू नका. आणि कुणी मोठ्या तोऱ्यात म्हणाले, "जुनी झाली, टाकून द्या," तर त्याला एवढेच विचारा, "उघडून पाहिलीत का?"

त्याने पाहिलेली नसते.