नख रुतलं नाही

आमच्या कोलाशिन गावात शहाणे फार. दोन युरोचं नाणं टायरच्या खाचेत खुपसायचं, चंदेरी कडा बुडाली की टायर बर्फाला चालतो, असा निकाल देऊन मोकळे. मी तीस वर्षं टायर बदलतोय, पण मला कोण विचारतो?

वुकोता विचारायचा. तो माझा कूम, म्हणजे माझ्या लग्नाचा साक्षीदार. आमच्यात हे नातं सख्ख्या भावाच्या वर. नोव्हेंबरात त्याने सासऱ्याच्या कोठारात पडून असलेले चार हिवाळी टायर आणले. नाणं घातलं, कडा बुडाली. मग मी अंगठ्याचं नख दाबलं. रुतलं नाही. टायरवर छापलेलं साल बारा वर्षांपूर्वीचं होतं. असलं कडक झालेलं रबर बर्फाला धरत नाही, खाच कितीही खोल असो. मी तेच सांगणार, तेवढ्यात कॉफी पीत बसलेला पोस्टमन बोलला.

"टायरवाल्याला जुना टायर कधी बरा दिसलाय? आता कुमाच्याच गळ्यात नवे मार."

सगळे हसले. वुकोताही हसला, आणि ते मला झोंबलं. तरी त्याने विचारलं, "तू सांग कूम, घालू का?"

"घाल की. नाणं बुडतंय ना?" मी म्हणालो आणि चारही टायर माझ्या हाताने चढवले.

जानेवारीत घाटातल्या वळणावर त्याची गाडी वळलीच नाही, सरळ दरीत गेली. रस्ता गोठला होता, असं सगळे म्हणाले. मीही म्हणालो.

तो गेल्याच्या चाळिसाव्या दिवसाचा विधी झाल्यावर त्याची बायको मिलुशा ते चार टायर व्हॅनमध्ये घालून आली. गाडीचं भंगार झालं होतं, टायर मात्र धड राहिले होते.

"तुझ्या लेकीचे झिजलेत म्हणालास ना? हे लाव तिच्या गाडीला. तीही त्याच घाटातून जाते. वुकोताची आठवण राहील."

मी म्हटलं, बघू नंतर. ती म्हणाली, आत्ताच लाव, मी थांबते. जॅक माझ्या पायाशी होता. तो उचलायला माझा हात पुढे होईना.

मिलुशा बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग वाकून तिने टायरवर अंगठ्याचं नख दाबलं, माझ्या दुकानात शंभरदा पाहिलं होतं तसं.

"तेव्हा दाबलं होतंस?"

"हो," मी म्हणालो.

तिने चारही टायर एकेक करून माझ्या दारात उतरवले. मी मदतीला पुढे झालो, तर मला हात लावू दिला नाही.