हावेल्काची काच

हावेल्का आत आला तो बूट न काढताच. ब्लाझेनाने दारात त्याच्यासाठी सपाता मांडून ठेवल्या होत्या. त्यांच्याकडे नीट बघून, त्या ओलांडून, सकाळीच पुसलेल्या फरशीवर डुकरांच्या गोठ्यातली सगळी कमाई उमटवत तो धुण्याच्या खोलीत पोचला. तिथे मोठ्या हंड्यात बार्लीचा गोड रस निवत होता. यीस्ट अजून पडायचं होतं.

"बघू या, शेजारीणबाई, तुमचं गोड पाणी," तो म्हणाला.

पाणी हा शब्द त्याने मुद्दाम वापरला होता, आणि तो तिला लागला.

गावजत्रेला घरोघरची बिअर आगीच्या बंबवाल्यांच्या शेडमध्ये मांडतात, पण बारा डिग्रीची असेल तरच. ही डिग्री म्हणजे रसातली गोडी. ती रस आंबायच्या आधीच मोजावी लागते, आणि ते काम सतरा वर्षं हावेल्काकडे होतं. मोजून झालं की तो पिंपावर खडूने आकडा लिही. बारा भरले तर पिंप जत्रेत जाई, कमी भरले तर आकडा गावभर जाई. दोन वर्षांपूर्वी त्याने ब्लाझेनाच्या नवऱ्याच्या पिंपावर अकरा लिहिले. तेव्हापासून विलेम गुत्त्यावर शिरला की कोणीतरी हमखास नळाकडे बोट दाखवी. विलेमने गुत्ता सोडला, मग बिअर करणंही सोडलं.

ब्लाझेनाने त्याला तेव्हा एकच प्रश्न विचारला होता. "पाणी घातलंस?"

"नाही," विलेम म्हणाला होता.

तिने मान हलवली आणि विश्वास ठेवला नाही. डेअरीत तीस वर्षं लॅक्टोमीटर, म्हणजे दुधातलं पाणी पकडणारं काचेचं माप, हाताळलेली बाई ती. पाणी घालणारे सगळे असंच "नाही" म्हणतात, हे तिला पाठ होतं. शेजारची हेडविका सांगायची, "अगं, हावेल्का मोजणार म्हटल्यावर सगळेच किलोभर बार्लीचं माल्ट जास्त टाकतात. त्याशिवाय त्याचे बारा भरतच नाहीत." विलेमला ते पटत नसे. बारा म्हणजे बारा, जास्त कशाला? आणि ब्लाझेना मनात म्हणायची, नाचता येईना अंगण वाकडं. यंदा तिने स्वतःच हंडा चढवला होता. प्रामाणिक बारा कसे काढतात ते नवऱ्याला एकदा दाखवायचंच होतं तिला. माल्ट तिने तराजूवर तोलून घेतलं होतं, पाणी मापाने.

हावेल्काने खिशातून रुमाल काढला. एका टोकात नाक शिंकरलं आणि दुसऱ्या टोकात गुंडाळलेलं साखरमाप बाहेर काढलं. हे म्हणजे लॅक्टोमीटरचंच भावंड: काचेचा पोकळ फुगा, तळाला वजन, वर आकड्यांची बारीक दांडी. रसात गोडी जास्त असेल तर वर तरंगतं, कमी असेल तर खोल बुडतं. मग त्याने काळ्या नखाचा अंगठा सरळ हंड्यात बुडवला.

"उष्णता विसाच्या आसपास आहे. चालेल."

"थर्मामीटर आहे माझ्याकडे," ब्लाझेना दातावर दात ठेवून म्हणाली. तिने थोडा रस उंच नळकांड्यात काढला आणि मोजायला लागतो तसा नेमका वीस डिग्री तापमानावर आणून दिला.

हावेल्काने साखरमाप बुडापासून टोकापर्यंत चाटलं. "ओलं केलं की नीट बसतं," त्याने समजावलं आणि ते रसात सोडलं. डेअरीत असं कोणी केलं असतं तर ब्लाझेनाने त्याला त्याच्या कॅनसकट रस्त्यावर काढलं असतं.

"अकरा," तो म्हणाला. "घराण्याचाच आकडा दिसतोय."

नळकांड्यातला रस तो पुन्हा हंड्यात ओतायला निघाला. तिने हंड्यावर झाकण ओढलं. "त्यात नाही. मोरीत."

"एवढा चांगला रस?"

"मोरीत म्हटलं ना."

रस मोरीत गेला. आपण पाणी घातलेलं नाही, एवढं तरी तिला पक्कं ठाऊक होतं. हावेल्का खडू शोधत होता, साखरमाप खिडकीत ठेवलं होतं, आणि उन्हात तिला ते पहिल्यांदा धड दिसलं. फुग्यावर तपकिरी कीट चढलं होतं, गळ्याशी तर पुटंच्या पुटं. दुधाच्या कॅनला चढतो तसलाच चिवट थर. तो चाटून जात नाही आणि रुमालाने तर मुळीच नाही. त्याचं वजन मात्र असतं.

"ही काच शेवटची कधी धुतली होतीत, शेजारी?"

"धुवायची कशाला? बिअरमध्येच तर असते."

तिने साखरमाप उचललं आणि वीस डिग्रीच्या साध्या पाण्यात सोडलं. साध्या पाण्यात ते शून्यावर उभं राहायला हवं. शून्याची रेघ पाण्याखाली गेली आणि खालीच राहिली, चांगली डिग्रीभर.

"तुमचं पाणीच बिघडलेलं दिसतंय," हावेल्का म्हणाला, पण आवाज उतरला होता.

ब्लाझेनाने कोमट व्हिनेगर घेतलं. अर्धा तास ती काच भिजवत आणि मऊ फडक्याने घासत होती. सतरा वर्षांचं नाक, थुंकी आणि अंगठा तिच्या बोटांवर उतरत होता. साध्या पाण्यात शून्य आलं. मग नव्याने काढलेल्या रसात बारा.

हावेल्काने पिंपावर बारा लिहिले.

"आणि दोन वर्षांपूर्वीचं?"

"ते आता कोण मोजणार?" त्याने धुतलेली काच त्याच रुमालात गुंडाळली आणि आला तसाच फरशीवरून निघून गेला.

विलेम अंगणात आलुबुखारांच्या बिया काढत बसला होता. पुढ्यात टोपलीभर फळं होती.

"किती?" त्याने वर न बघता विचारलं.

"बारा. आधी अकरा दाखवत होतं. काचेवर कीट होतं. साध्या पाण्यातही शून्याखाली जात होती."

त्याने एक बी काढली, मग आणखी एक.

"म्हणजे माझेही बाराच होते."

"हो."

"डेअरीत तू," विलेम म्हणाला, "कुणा परक्या शेतकऱ्याला बोल लावण्याआधी लॅक्टोमीटर पाण्यात बुडवून बघायचीस."

"रोज."

त्याने सुरी खाली ठेवली आणि पहिल्यांदाच तिच्याकडे पाहिलं. तिच्या हातांना व्हिनेगरचा वास येत होता. मघापासून हावेल्कासाठी साठवलेली सगळी किळस आता तिला स्वतःचीच वाटत होती.

"तुझ्या वेळी मी तिथेच उभी होते," ब्लाझेना म्हणाली. "त्याची काच पाण्यात बुडवून नाही बघितली."